आधी माती ओळखा, मग हलवा: दूषित जागा पुन्हा वापरात आणताना या चुका टाळा

म्हापशाजवळ एका जुन्या गॅरेजच्या जागेवर इमारत उभी राहायची होती. सोमवारी जेसीबी लागला आणि मला फोन आला तो गुरुवारी. 'माती काळी लागलीय, वास येतोय, जरा तपासून द्या.' मी पोहोचलो तेव्हा खड्डा सहा-सात फूट खोल गेला होता आणि काठावर मातीचा डोंगर उभा होता. त्या डोंगरात तांबडी माती, चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) खडे आणि डांबरासारखे काळे गोळे एकत्र कालवलेले होते.

खड्ड्यात उतरून भिंत खुरप्याने खरवडली. वरचा दोन फुटांचा थर स्वच्छ, तांबडा. त्याखाली दीड फुटाचा काळा पट्टा, हाताला तेलकट. त्याखाली पुन्हा पिवळसर तांबडी माती, वास नाही, डाग नाही. निसर्गाने आणि त्या गॅरेजने मिळून सगळे कसे थरावर थर लावून ठेवले होते! जेसीबीने तीन दिवसांत ते मोडून टाकले.

हिशेब असा. जागा होती वीस मीटर बाय पंधरा मीटर, म्हणजे ३०० चौरस मीटर. काळा पट्टा सुमारे ०.४५ मीटर जाड धरला तर १३५ घनमीटर माती. उकरलेली माती फुगते. पाव पटीने फुगली तरी १७० घनमीटरच्या आत. सहा घनमीटरच्या टिपरने अठ्ठावीस-एकोणतीस खेपा. पण दोन मीटरपर्यंत सरसकट खोदून सगळे एकत्र केल्यामुळे ती झाली ६०० घनमीटर, फुगून ७५०, म्हणजे सव्वाशे खेपा. आणि त्यातल्या बऱ्याच खेपा मी येण्याआधीच शेजारच्या गावात कुणाच्या तरी सखल जमिनीत भराव म्हणून गेल्या होत्या.

दूषित मातीच्या कामात मी आजवर पाहिलेल्या बहुतेक चुका याच एका चुकीची पिल्ले आहेत. मिसळलेली माती पुन्हा वेगळी करता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे, आणि जरा सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. अशा जागा पुन्हा वापरात याव्यात असेच मला मनापासून वाटते. गोवा केवढासा! घरे, दुकाने, शाळा यांना जागा हवीच आहे. ती जुन्या वर्कशॉपच्या, बंद कारखान्याच्या, भंगार अड्ड्याच्या जमिनीवर मिळाली तर तेवढीच एखादी टेकडी कापायची वाचते आणि तेवढेच एखादे भातशेत बुजायचे वाचते. आणि माती बरीचशी सुधारता येते. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी जे उद्यान उभारले, ती जागा पूर्वी कारखान्यांची आणि उकिरड्यांची होती. तिथे माती धुण्याची यंत्रे जागेवरच बसवली आणि उकरलेल्या मातीपैकी सुमारे ८० टक्के माती तिथेच पुन्हा वापरली. आपल्याकडे मात्र 'खराब माती' म्हटले की पहिला प्रश्न येतो, 'कुठे टाकायची?'

जागेचा इतिहास न विचारता नमुने घेणे

प्रयोगशाळेला आपण जे विचारतो त्याचेच उत्तर ती देते. शिसे तपासा म्हटले तर शिसे सांगेल. शेजारी पेट्रोलमधले विषारी बेंझिन असले तरी ती गप्प राहील. म्हणून नमुना घेण्याआधी दोन दिवस माणसांशी बोला. गॅरेजमधला जुना मेस्त्री, वॉचमन, समोरचा चहावाला यांना विचारा. जळके तेल कुठे ओतायचे? बॅटऱ्या कुठे फोडायचे? डिझेलची टाकी जमिनीत होती का, आणि बंद करताना ती काढली की तशीच बुजवली?

धंद्याप्रमाणे प्रदूषण बदलते. पेट्रोल पंपाची जागा जुनी असेल तर पेट्रोलबरोबर शिसेही शोधा, कारण शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्याआधीच्या गळतीत शिसे असणारच. मांडवी-झुआरीच्या काठच्या बार्ज दुरुस्तीच्या जागांवर बुडाला लावायचे रंग खरवडून वर्षानुवर्षे जमिनीत मिसळलेले असतात. त्यात तांबे येते, जुन्या रंगांत शिसे येते, आणि शेवाळ धरू नये म्हणून घातलेली कथिलाची विषारी संयुगेही येऊ शकतात. मुलामा देण्याचे काम जिथे चालायचे तिथे क्रोमियम बघा. भंगार अड्ड्यात तर सगळेच बघा, आणि जुना ट्रान्सफॉर्मर फोडला असेल तर त्याचे तेल वेगळे तपासा.

नमुन्यातली दुसरी चूक म्हणजे दहा ठिकाणची माती एका पिशवीत घालून 'सरासरी' काढणे. खर्च वाचतो हे खरे. पण बॅटरी फोडायच्या कोपऱ्यात शिसे २,००० मिलिग्रॅम प्रति किलो आणि बाकी नऊ ठिकाणी ३० असेल, तर सरासरी येते २२७. म्हणजे स्वच्छ नऊ कोपरे उगाच संशयात आणि खरा कोपरा सुटलेला! जागेवर चौकडी आखून नमुने घ्या, शिवाय जिथे संशय आहे तिथे जास्तीचे घ्या, आणि प्रत्येक थराचा वेगळा घ्या.

पेट्रोल, थिनर यांच्यासारख्या उडून जाणाऱ्या पदार्थांसाठी माती ढवळायची नाही. काचेची बाटली काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावायचे, बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवून त्याच दिवशी पाठवायची. मे महिन्यात प्लास्टिकच्या पिशवीतली माती गाडीच्या डिकीतून पणजीला नेली, तर अहवालात पेट्रोल दिसणार नाही. ते वाटेतच उडालेले असते.

चिऱ्याच्या मातीला परक्या मापाने मोजणे

आपल्या जांभ्या खडकाच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात. मूळ खडक कोणता, त्यावर क्रोमियम, निकेल, मँगनीज हेही निसर्गतःच वाढलेले असू शकतात. अहवालात क्रोमियम ठळक अक्षरांत दिसले की मालक घाबरतो. तिथे दोन प्रश्न विचारायचे.

पहिला, शेजारच्या न हललेल्या जमिनीत, तशाच चिऱ्याच्या कातळावर, ते किती आहे? असे तीन-चार तुलनेचे नमुने घेतलेच पाहिजेत. खर्च थोडाच आहे, आणि त्यावाचून लाखोंची माती उगाच 'दूषित' ठरते.

दुसरा, क्रोमियम कोणते? मातीतल्या खनिजात अडकलेले त्रिसंयुजी क्रोमियम सहसा जागचे हलत नाही. मुलामा कामातून आलेले षट्संयुजी क्रोमियम पाण्याबरोबर पळते, विहिरीत उतरते आणि कर्करोगकारक आहे. एकूण क्रोमियमच्या आकड्यात दोन्ही एकत्र असतात. वेगळी चाचणी मागितली नाही तर फरक कळत नाही.

तसेच मापदंडाचे. शहरी कंपोस्ट खतासाठी खत नियंत्रण आदेशात शिशाची मर्यादा १०० मिलिग्रॅम प्रति किलो आहे, कॅडमियमची ५, क्रोमियमची ५०, पाऱ्याची ०.१५. ही मापे खताची, शेतात वर्षानुवर्षे टाकायच्या वस्तूची. काही ठिकाणी हीच मापे पार्किंगखालच्या भरावाला लावलेली पाहिली, आणि उलट घातक कचऱ्याची मापे बागेच्या मातीला लावलेलीही पाहिली. दुसरी चूक जास्त भयंकर. 'ही माती घातक कचरा नाही' याचा अर्थ 'या मातीत मुलांनी खेळावे' असा होत नाही.

माप कोणते लावायचे यावर मोठे वाद होतात. कोडाईकनालच्या बंद थर्मामीटर कारखान्याची पाऱ्याने भरलेली माती किती स्वच्छ करायची यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. प्रशासनाने मान्य केलेले माप २० मिलिग्रॅम प्रति किलो, तर लोकांची मागणी त्याहून कितीतरी कडक. म्हणून माप ठरते ते जागेवर पुढे काय होणार यावरून, आणि ते खोदण्याआधी लेखी ठरवून घ्यायचे. घर, शाळा, बाग, दुकान, गोदाम, रस्ता, प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते.

निक्षालन चाचणीबद्दलही एक सांगतो. यात मातीच्या वीसपट द्रावण घेऊन सुमारे १८ तास घुसळतात आणि त्यात किती विष उतरले ते मोजतात. शिशासाठी मर्यादा ५ मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे मातीत एकूण शिसे १०० मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा कमी असेल तर ते सगळे विरघळले तरी ही मर्यादा ओलांडली जाणार नाही. अशा वेळी शिशासाठी ही चाचणी न करता पैसे वाचवता येतात. पण ती 'पास' झाली म्हणून धूळ, बागेतला भाजीपाला आणि मुलांचे हात यांचा प्रश्न सुटत नाही, कारण ती फक्त पाण्यात उतरण्याबद्दल बोलते.

पावसाचा हिशेब न करणे

लंडन आणि पणजी यांत मोठा फरक इथे आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. शंभर चौरस मीटर जागेवर दूषित मातीचा ढीग उघडा राहिला तर एका पावसाळ्यात त्यावर तीन लाख लिटर पाणी पडते. ते पाणी ढिगातून झिरपून कुठे जाते? चिऱ्याच्या भोकांतून खाली. जांभा दिसायला दगड, पण आतून चाळणीसारखा. त्याच्याखाली पांढुरकी चिकण माती असते, तिच्यावर पाणी अडते आणि आडवे सरकत शेजाऱ्याच्या विहिरीत निघते. पावसाळ्यात विहिरीचे पाणी वर येते ते याच वाटेने.

म्हणून आपले वेळापत्रक कोकणातल्या आगोटीसारखे, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीसारखे, असले पाहिजे. गणपती-दसऱ्याच्या सुमारास, भूजल सर्वांत वर असताना, पाण्याचे नमुने घ्या. नोव्हेंबर ते मार्च माती खोदा आणि हाताळा. एप्रिलमध्ये परतभरणी. १५ मेपर्यंत जागा बंद, उतार दिलेली, गटार काढलेले. मृग लागायच्या आठवड्यात ताडपत्री शोधत फिरणारी माणसे मी दरवर्षी पाहतो, आणि दरवर्षी तीच माती गटारातून वाहून जाताना पाहतो.

ढीग ठेवावाच लागला तर खाली जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर थोडी वाळू, कडेने बांध, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या कडा बांधाच्या बाहेर. कडा बांधाच्या आत राहिली तर पाणी ढिगाच्या बुडाशी साचते आणि ताडपत्री घालून न घातल्यासारखी होते. झिरपलेले पाणी एका खड्ड्यात गोळा करा आणि तपासल्याशिवाय गटारात सोडू नका.

खाजन जमिनींच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांच्या, जवळ काम असेल तर आणखी काळजी घ्या. तिथे माती खारट, पाणी भरती-ओहोटीने वर-खाली होणारे, आणि खोलवर गंधकयुक्त चिखल. तो चिखल उकरून उन्हात सुकवला की हवेने आम्ल तयार होते, सामू (पीएच) झपाट्याने खाली जातो आणि मातीत अडकलेले धातू मोकळे होतात. काल निर्धोक असलेली माती पंधरा दिवसांत धोकादायक होऊ शकते. असा चिखल उकरावा लागला तर ओला ठेवा, लवकर हाताळा, चुन्याने आम्ल मारा, आणि शक्य असेल तर उकरूच नका.

रोग न बघता औषध देणे

'सिमेंट घालून पक्की करून टाकू' हे सर्वांत लोकप्रिय उत्तर. कधी बरोबर असते, बरेचदा चुकीचे.

तेल, डिझेल, जळके ऑइल यांच्यासाठी सिमेंट नको. त्यांच्यासाठी जिवाणू आहेत. दीड-दोन मीटर उंचीच्या लांब ओळी करा, हवा खेळती ठेवा, ओलावा राखा, नत्र आणि स्फुरद द्या. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण १००:१०:१ च्या आसपास ठेवतात. आपली माती आम्लधर्मी असते, म्हणून आधी थोडा चुना देऊन सामू ६ ते ८ मध्ये आणा. उष्णता आपल्याकडे फुकट आहे. हिवाळ्यात काम थांबवावे लागणाऱ्या देशांना आपला हेवा वाटावा. फक्त छप्पर हवे.

या ओळींत बिघाड झाला तर लक्षणे ओळखता येतात. कुजक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे पाणी जास्त, हवा कमी; ओळ उलटा आणि भाताचा तूस किंवा नारळाचा चोथा मिसळून भुसभुशीत करा. माती कोरडी धुळीसारखी झाली तर जिवाणू झोपलेले असतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये, इतकाच ओलावा हवा. अमोनियाचा उग्र वास आला तर कुणीतरी युरियाची अख्खी पोती रिकामी केलेली असतात. त्यात जिवाणू मरतात. आणि तेल पहिल्या महिन्यात झपाट्याने कमी होऊन मग जागेवर थांबले, तर बहुधा हलके तेल हवेत उडाले आणि जड, डांबरासारखे राहिले. त्याला शेण घालत बसून उपयोग नाही. त्या मातीची जागा डांबरी रस्त्याखाली, किंवा उष्णतेने तेल काढायच्या भट्टीत.

त्या भट्टीबद्दल. मातीला तापवून तेल वाफेने काढायची पद्धत उत्तम, पण ओल्या मातीत पैसा जळतो. एक टन मातीत २० टक्के पाणी असेल तर ते २०० लिटर पाणी नुसते वाफ करायलाच बारा-तेरा लिटर डिझेलइतकी उष्णता लागते. आधी मांडवात सुकवा. आणि भाजलेल्या मातीत जीव राहत नाही. बागेत वापरायची तर तिच्यात चांगले कंपोस्ट घालावे लागते.

धातू जळत नाहीत आणि कुजतही नाहीत. त्यांना बाहेर काढावे लागते किंवा बांधून ठेवावे लागते. माती धुण्याची पद्धत यासाठीच आहे: विष बहुतेक बारीक कणांना चिकटते, म्हणून खडे आणि वाळू धुऊन मोकळी करायची आणि थोडासा गाळ घातक म्हणून वेगळा काढायचा. पण मातीत बारीक कण तिसऱ्या हिश्शाहून जास्त असतील तर गाळच इतका निघतो की काम परवडत नाही. आपल्याकडे एक आणखी फसगत होते. चाळणीवर खडा दिसतो तो खरा खडा नसतो, चिऱ्याचा मऊ तुकडा असतो. यंत्रात फिरताना तो झिजतो आणि नवा गाळ तयार होतो. म्हणून मोठे यंत्र आणण्याआधी पन्नास किलो माती बादलीत, हाताने, पाणी बदलत धुऊन बघा. शेवटी किती खडा उरतो ते वजन करा. एवढ्या साध्या प्रयोगाने एक अख्खे कंत्राट वाचलेले मी पाहिले आहे.

आणि आता सिमेंट. शिसे आणि जस्त यांना सामू थोडा वाढलेला आवडतो, फार वाढलेला नाही. सामू १२ च्या पुढे गेला की शिसे पुन्हा विरघळू लागते. 'दोन टक्क्यांनी भागले नाही, पंधरा टक्के घाला' ही सल्लागारी इथे उलटते. शिशासाठी फॉस्फेट पुष्कळदा जास्त चांगले बसते. षट्संयुजी क्रोमियमला आधी फेरस सल्फेटने त्रिसंयुजी करावे लागते, मगच बांधता येते. आर्सेनिकचे तर वेगळेच: चिऱ्याच्या मातीतल्या लोहाने ते आपणहून धरून ठेवलेले असते. भरमसाठ चुना टाकला किंवा ती माती महिनोन्महिने पाण्याखाली ठेवली की लोहाची पकड सुटते.

सिमेंटने बांधलेली माती तीन महिन्यांनी फुगली, फरशी उचलली गेली, भेगा पडल्या, तर मातीतले सल्फेट तपासा. खाजनाच्या काठच्या मातीत ही तक्रार येते. तिथे आधी सल्फेट मोजल्याशिवाय चुना-सिमेंट वापरूच नका.

वनस्पतींनी माती सुधारण्याचे फार कौतुक होते. नेच्याची एक जात आर्सेनिक शोषते हे २००१ मध्ये सिद्ध झाले आणि ते खरे आहे. पण त्याला वर्षे लागतात, मुळे जातात तेवढ्याच खोलीवर ते चालते, आणि कापलेला पाला हा मग विषारी कचरा असतो. तो कंपोस्टच्या खड्ड्यात टाकला की सगळे काम फुकट.

कचराभूमीची माती म्हणजे माती नव्हे

मडगावच्या सोनसोडोसारख्या कचऱ्याच्या जुन्या ढिगांतून चाळून काढलेला बारीक भाग दिसायला अगदी मातीसारखा असतो. काळा, भुसभुशीत, हाताला छान. त्यात काचेचे कण, प्लास्टिकचे तुकडे, बॅटरीतले धातू असतात. सोनसोडोला २०१९ च्या मे महिन्यात मोठी आग लागली होती. अशा जळलेल्या थरात राखही मिसळते. हा भाग रस्त्याच्या भरावात, तपासून, वरून बंद करून वापरता येतो. शेतात किंवा कुंडीत नाही.

कागदावर काय लागते

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती सहा महिन्यांनी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्राथमिक तपासणी करायची, पुढे सविस्तर सर्वेक्षण, आणि खर्चाची जबाबदारी प्रदूषण करणाऱ्यावर. खाणकाम, समुद्रातले तेल, किरणोत्सर्गी कचरा आणि घनकचऱ्याचे ढीग यांना वेगळे कायदे असल्याने ते या नियमांत थेट येत नाहीत. घातक ठरलेली माती २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसारच हलवायची. गोव्यात त्यासाठी सत्तरीतल्या पिसुर्ले येथे सामायिक सुविधा आहे. आणि सखल जमीन बुजवायला नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली परवानगी लागते, माती कितीही स्वच्छ असो.

त्या म्हापशाच्या भरावाची चूक दुहेरी होती ती यामुळे. परत आणायला लावलेल्या त्या मातीसाठी पहिल्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च झाला.

सुधारलेली माती कुठे घालायची ते न ठरवणे

माती सुधारली म्हणजे ती कुठेही चालते असे नाही. बांधून ठेवलेल्या धातूची माती पार्किंगखाली, रस्त्याखाली, भूजलाच्या पातळीच्या वर. विहिरीजवळ नाही, सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्याजवळ नाही, आणि जिथे उद्या कुणी नळाची लाइन टाकायला खोदेल तिथेही नाही.

अमेरिकेत नायगाराजवळ लव्ह कॅनॉलमध्ये १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरून वर चिकण मातीचे झाकण घातले होते. जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला दिली गेली. मग शाळा आणि घरे बांधताना, सांडपाण्याच्या वाहिन्या टाकताना ते झाकण फोडले गेले. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. कचरा तिथे आहे हे कागदावर होते, पण जो खणत होता त्याच्या हातात तो कागद नव्हता.

आपल्याकडे तो कागद कुणाच्या हातात असतो? जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) मालकाचे नाव येते, जमिनीच्या पोटात काय पुरले आहे ते येत नाही. म्हणून मी एवढा आग्रह धरतो: कुठल्या चौकोनात, किती खोलीवर, कसली माती घातली याचा नकाशा करा. तो सोसायटीच्या फाइलमध्ये, विक्रीखताला जोडून आणि पालिकेकडे, असा तीन ठिकाणी ठेवा. त्या मातीवर भगव्या रंगाची जाळी अंथरून मग वर स्वच्छ माती घाला. पंचवीस वर्षांनी खणणाऱ्याच्या फावड्याला ती जाळी लागेल तेव्हा तो थांबेल.

फोंड्याला एका जागेवर शेजारच्या काकी रोज सकाळी येऊन ढिगातली काळी माती टोपलीत भरून नेत. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, 'तुळशीला घालते बाबा, किती सुपीक दिसते बघ.' ती बॅटरीच्या दुकानामागची माती होती. मी त्यांच्या अंगणात जाऊन वृंदावनातली माती काढली, परसातल्या अळूखालचीही काढली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना चांगल्या मातीची दोन पोती नेऊन दिली. ढिगाला दोरी बांधायची आणि मराठी-कोंकणीत पाटी लावायची, एवढे काम आम्ही विसरलो होतो. त्यांच्या अळूत शिसे उतरले असते ते आमच्यामुळे.

माणसे

मजुरांना गमबूट, हातमोजे, धुळीचा मास्क द्या, आणि जेवायला बसायची जागा ढिगापासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला करा. हात धुवायला साबण आणि नळ. कपडे तिथेच बदलायची सोय करा, कारण शिशाची धूळ कपड्यांबरोबर झोपडीत जाते आणि तिथे रांगणारे मूल असते. कोरडी माती हलवण्याआधी पाणी शिंपडा. यावर जास्त लिहायची गरज पडू नये.

खड्डा बुजवण्याची घाई

काळी माती काढली, वास गेला, डोळ्यांना तांबडे दिसले म्हणून खड्डा बुजवू नका. तळातून आणि चारही भिंतींतून नमुने घ्या, अहवाल येईपर्यंत थांबा. आठ-दहा दिवस जातात. कंत्राटदार कुरकुरतो. पण बुजवल्यानंतर कोपऱ्यात काही राहिले असे कळले, तर बांधलेल्या इमारतीखालून ते काढता येत नाही.

परतभरणीची बाहेरून आणलेली मातीही तपासा. 'डोंगराची माती आहे, स्वच्छच असणार' असे म्हणून खाणीतली टाकाऊ माती आलेली मी पाहिली आहे, आणि दुसऱ्या एखाद्या गॅरेजचा भरावही.

मग विहिरी. आजूबाजूच्या निदान तीन विहिरींचे पाणी काम सुरू होण्याआधी घ्या, पावसाळ्याच्या मध्यावर घ्या, आणि ऑक्टोबरात घ्या. दोन वर्षे असेच करा. म्हापशाच्या त्या जागेशेजारी एक विहीर आहे, जुन्या घराच्या मागे, तिचे चिरे शेवाळाने हिरवे झालेले. पहिल्या वर्षी तिच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. गेल्या ऑक्टोबरात मी पोहरा वर ओढला, उन्हात धरला आणि बराच वेळ तिरका करून पाहिला. तवंग दिसला नाही. नमुना तरी घेतलाच, आणि या पावसानंतरही घेणार आहे.